चंद्रावतीनं उतरवलेलं शीड

पनवेलच्या कोळीवाड्यातली चंद्रावती दर रविवारी सकाळी गावाबाहेरच्या चर्चच्या भिंतीला पाठ लावून मासे विकायला बसायची. नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं. कोळणींच्या ओळीत बाजारात जागा मिळेना, तेव्हा रेल्वेत नोकरीला असलेल्या आणि दर रविवारी तिथं प्रार्थनेला येणाऱ्या पास्कूदादानं तिला या भिंतीशी आणून बसवलं. प्रार्थना सुटली की माणसं घरी जाताना तिच्या पाटीपाशी थांबायची. घासाघीस करायची, टोमणे मारायची, पण पाटी रिकामी करून जायची. पोरं त्यावर वाढली. "या भितारानं माजी पोरा पोसली," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि सांगताना भिंतीवर हात ठेवायची, घरच्या म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.

तिच्या डोक्याच्या वर एक उंच खिडकी होती. रंगीत काचेची, असं लोक म्हणत. चंद्रावतीला मात्र ती काजळी धरलेल्या तव्यासारखी दिसायची. दिवसा अशा काचेचे रंग आतून दिसतात, बाहेरून नाही. आणि आत ती कधी गेली नव्हती. कोणी अडवलं नव्हतं, तिचा तिचाच नेम होता, की माशाच्या हातानं कुणाच्याच देवाकडं जायचं नाही.

दोन हजार सातच्या नाताळाआधी पास्कूदादाकडं जिताड्याची ऑर्डर पोचवून ती तिन्हीसांजेला चर्चवरून परतत होती. आत गाण्याची तालीम चालली होती, दिवे लागले होते. तिनं सहज मान वर केली आणि जागीच थबकली. तवा पेटला होता! निळं पाणी, त्यावर तांबडी होडी, होडीत जाळं ओढणारा दाढीवाला कोळी आणि नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, हात उंचावून बसलेला त्यांचा देव.

"आगो बाय," ती घरी येऊन सुनेला म्हणाली, "तीस वर्षं मी ज्याच्या खाली बसलंय, तो तं आपलाच मानूस निंगाला."

भावना, तिची सून, भाकरी थापत होती. "कोन मानूस?"

"कोली!"

पुढचे तीन दिवस ती तालमीच्या वेळेला जाऊन खिडकीखाली उभी राहिली. मग ओट्यावर कोळशानं चित्र काढलं. गोधड्या ती आधीपासून शिवायची, दुपारी पाटी धुऊन झाली की. पण त्या चौकोनी तुकड्यांच्या. खिडकीची ही गोधडी वेगळी होती. काचेच्या तुकड्यांमधून शिशाच्या काळ्या रेघा जातात, त्या कापडात आणायच्या कशा? तिनं दोन मोडक्या छत्र्यांचं कापड काढून पट्ट्या केल्या. सरळ कापलेली पट्टी वळणावर चुण्या धरायची. तिनं उसवली, पुन्हा लावली, शिव्या दिल्या. आठ दिवसांनी कळलं, पट्टी तिरपी कापली की पाण्यातल्या सापासारखी वळते. मग हात चालायला लागला. पाण्याला भावनाची निळी नायलॉनची साडी, होडीला स्वतःचं तांबडं लुगडं, आत भरायला मऊ झालेली जुनी पातळं. चेहऱ्याचे नाकडोळे काही जमेनात, म्हणून तिथं नुसतं गव्हाळ कापड ठेवलं. दोन पावसाळे गेले तेव्हा गोधडी झाली आणि नात रोशनी ती पांघरून झोपायला लागली.

दोन हजार अकराच्या ऑगस्टात वादळी वाऱ्यानं चिंचेची फांदी मोडून खिडकीत घुसली. चित्राचा चुरा झाला. त्या रविवारी पाटीपाशी कोणी भावसुद्धा विचारेना. पास्कूदादा, आता ऐंशीचा, काठीवर हनुवटी टेकून उभा होता.

"नवीन करायची तर काचवाला चित्र मागतो," तो म्हणाला. "लग्नाचे शंभर अल्बम काढले. सगल्यांत नवरानवरी हायेत, मागं खिडकी म्हंजे नुसता पांढरा उजेड."

"तुमची खिरकी माज्या घरी हाय," चंद्रावती बोलून गेली.

"चंद्रे, सकाली सकाली घेतलीस काय गो?"

"नाय वो दादा! गोधरी केलीय मी. पुढल्या आयतवारी आनतंय."

घरी येऊन तिनं गोधडी ओट्यावर पसरली आणि तेव्हा तिला आठवलं. विसरलीच होती ती. मूळ खिडकीत होडीच्या मध्यावर भलंमोठं पांढरं शीड होतं, वाऱ्यानं फुगलेलं. शिवताना तिला ते पटलं नव्हतं. तिचा बाप काशिराम मोरा बंदरातला, शिडाच्या होडीवर जन्म काढलेला. शीड भरलेलं असताना जाळं ओढायला उभं राहिलं तर होडी एका अंगावर जाऊन माणूस पाण्यात. पोरवयात तिनं हे बापाच्या तोंडून शंभरदा ऐकलेलं. तेव्हा तिनं शीड उतरवलं होतं. डोलकाठीच्या बुडाशी पांढऱ्या कापडाची गुंडाळी करून ठेवली आणि वरच्या जागेत आभाळ भरलं.

"दुसऱ्याच्या देवाच्या चित्रात मी हात घातला," ती म्हणाली. "आता त्या भितारापाशी कोन बसू देल मना?"

भावनानं तोड काढली. "सांगा, पांढरा कपरा पुरला नाय. कोनाला कलतंय?"

चंद्रावतीनं गोधडीची घडी घातली.

रविवारी फादरनी चर्चच्या ओसरीवर गोधडी पसरली. माणसं भोवती जमली. बायकांनी हात लावून बघितला, एकीनं डोळे पुसले. फादर तीनच महिन्यांपूर्वी बदलून आलेले, तरणे. "सगळं उलटं आहे की, चंद्राबाई! देव या टोकाला कसा?"

"मी भायेरून बगितलंय नं, फादर."

"हरकत नाही. कागद उलटा केला की झालं."

तेवढ्यात पास्कूदादाची काठी गोधडीवर टेकली. "आनि शीड? शीड कुटं गेलं?"

भावनानं सासूच्या पाठीत हळूच बोट खुपसलं.

चंद्रावतीनं पदर खोचला. "कपरा होता. मीच उतरवलं, दादा. तुमच्या देवाचा आपमान करायचा नव्हता. पन शीड भरून कोनी जालं वढत नाय. होरी उलथंल. देव बसलाय तीत! माजा हात धजला नाय. चुकलं आसंल तं सांगा, मी उठतंय हितून."

फादर गोधडीकडं बघत राहिले. पास्कूदादाचे खांदे हलायला लागले, आणि लोकांना वाटलं म्हातारा रडतोय. तो हसत होता.

"पन्नास वर्षं!" तो म्हणाला. "पन्नास वर्षं मी त्या खिडकीखाली गुडघे टेकले. आमी भातशेतीवाले, रेल्वेवाले. येकालापन कललं नाय, की आमचा पेत्र, जालं वढनारा तो कोली, दर आयतवारी बुडायला निंगालाय! फादर, शीड खालीच ऱ्हावंद्या."

फादर म्हणाले, वर विचारावं लागेल. विचारलं. पत्र गेलं, पत्र आलं, परवानगी मिळाली. तोवर गोधडी काचवाल्याकडं होती आणि रोशनी थंडीत आजीच्या जुन्या लुगड्यात झोपली.

नवी खिडकी बसली त्या रविवारी फादर स्वतः पाटीपाशी आले. चंद्रावतीनं हात दाखवले, वास येतोय म्हणाली. "पेत्राच्या हाताला कसला वास यायचा?" फादरनी विचारलं. तरी तिनं नळावर साबणानं दोनदा हात धुतले, पाटी भावनाकडं दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ती आत गेली.

आत निळं ऊन सांडलं होतं, फरशीवर, बाकांवर, पास्कूदादाच्या टकलावर. तिनं दोन्ही हात जोडले, भिंतीला, माणसांना, वर होडीत बसलेल्याला. इतक्या वर्षांचं एकदम जोडले. मग डोळे उघडून कोळणीच्या नजरेनं होडी वरपासून खालपर्यंत न्याहाळली. शीड खाली, ठीक. जाळं भरलेलं, ठीक. आणि तिनं कपाळावर हात मारला.

"आरं देवा!" भर चर्चमध्ये ती मोठ्यानं बोलली. "वल्हं द्यायचं ऱ्हायलं! शीड उतरवलं मी, आनि वल्हं दिलंच नाय. आता ही होरी घरा जाल कशी?"

गाणारी पोरं गाता गाता थांबली. फादरनी तोंडावर पुस्तक धरलं.

"बस गो चंद्रे," पास्कूदादानं बाकावर सरकून तिला जागा केली. "देव बसलाय नं होरीत? जाल बराबर घरा."

ती बसली.