ब्रेक ओढला होता की नव्हता

अमडापूरच्या त्या उतारावर मी हँडब्रेक ओढला होता की नव्हता, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. ओढला होता असं वाटतं. पण वाटण्यावर किती विसंबायचं, तिथंच सगळा घोळ आहे.

मी एका बियाणे कंपनीत फिरतीवर होतो. चिखली, मोताळा, नांदुरा हे तालुके माझ्याकडे. बीटी कापूस आमच्या भागात नवा आला तेव्हा लोक मला आग्रहानं जेवायला बसवत. त्याच बऱ्या वर्षांत मी एक पांढरी लहान गाडी घेतली. गाडी शिकवणाऱ्या ड्रायव्हरनं एक गोष्ट पक्की बसवली होती. "हँडब्रेक कानानं मोजायचा. पाच टक ऐकू आले की उतरायचं, आधी नाही." घाट असो की गावातला बोळ, मी वर्षानुवर्षं ते पाच टक मोजत आलो. डाव्या हाताला ताण कळायचा, कानाला आवाज कळायचा, आणि मी मागं न बघता चालू लागायचो.

अमडापूरला एक शेतकरीण होती. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, त्यामुळे शेत तीच बघायची. मी तिला वहिनी म्हणायचो, ती मला साहेब. पहिल्या वर्षी मी तिच्या ओसरीवर बसून बियाण्याचं पाकीट फोडून दाखवलं. रंग लावलेली सरकी तिनं तळहातावर घेतली, उलटीपालटी केली.

"अळीचं औषध बियाच्या आतच हाये, वहिनी," मी म्हणालो. "अळीनं पान खाल्लं का मरते."

"दिसत तं काही नाई."

"दिसत नाई. आतमधी असते."

"मंग आहे म्हून कसं समजाव?"

"अळी मरंल तवा समजंल."

ती हसली. पाकिटासोबत साध्या कापसाची, बीटी नसलेली एक लहान पुडी असायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लागत नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. बहुतेक लोक ती फेकून देत. कोण मुद्दाम अळीसाठी कापूस लावणार? वहिनींनी मला विचारलं, "हे लावलीच पाह्यजे का?" मी म्हणालो, "लावली तं बरं." त्यापुढं मी काही बोललो नाही. पाकिटं खपत होती आणि मला अजून तीन गावं करायची होती.

काही वर्षं अळी खरोखर मेली. मग मरेनाशी झाली. एका हंगामात दिवाळीच्या सुमारास वहिनी मला शेतात घेऊन गेल्या. बोंडं बाहेरून चांगली हिरवी, कुठं छिद्र नाही, डाग नाही. त्यांनी एक बोंड दोन्ही अंगठ्यांनी फोडलं आणि माझ्यासमोर धरलं. आत गुलाबी अळी, आणि कापसाच्या जागी काळपट लगदा. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुमी तं म्हणत होते आत हाये."

त्या हंगामात आमचे काही सहकारी गावांत जायचं टाळू लागले. मी जात राहिलो, पण कशासाठी, ते कळत नव्हतं. बियाणं फसलं, की ती पुडी न लावणारे लोक चुकले, की ‘लावली तं बरं’ एवढंच म्हणून थांबलेला मी चुकलो? वरिष्ठांना विचारलं तर ते हवामान म्हणायचे. अहवालात मीही हवामानच लिहिलं.

पुढं मी निवृत्त झालो, बुलडाण्यात राहू लागलो, आणि एका सकाळी दाढी करताना डावी बाजू गेली. लकव्याचा सौम्य झटका, डॉक्टर म्हणाले. सहा महिन्यांत पाय पूर्ण आला, हातही आला. पेला धरता येई, गुंड्या लावता येत. फक्त डाव्या हाताच्या बोटांना गरम-गार नीट कळत नव्हतं. डॉक्टरांनी बेतानं गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, आणि मी पुन्हा निघालो. कुठं जावं असा प्रश्न पडला तेव्हा अमडापूरच आठवलं. नोकरी नसताना तिथं जाऊन बोलायचं काय, याचा विचार मी केला नव्हता.

वहिनींचं घर चढावर आहे. मी दारासमोर गाडी लावली, उतरलो, फाटकाशी पोचलो. तेवढ्यात त्या ओसरीवरून म्हणाल्या, "साहेब, गाडी चालली तुमची."

मी वळून बघितलं. गाडी उलटी, अगदी सावकाश, कोणी बसलं असावं अशी उतारानं चालली होती. मी धावलो, पण माझं धावणं आता कसलं. पन्नासेक पावलांवर रस्ता वळतो, आणि वळणावर त्यांच्याच वाळलेल्या पऱ्हाट्या, कापसाच्या काड्या, जळणासाठी रचून ठेवल्या होत्या. गाडी त्या ढिगात शिरली आणि कडाकडा काड्या मोडत थांबली. सुदैवानं रस्त्यावर कोणी नव्हतं. मागचा दिवासुद्धा फुटला नाही.

आम्ही दोघं ढिगापाशी उभे राहिलो.

"काऊन सुटली?" त्यांनी विचारलं.

"मले का माहीत."

"ब्रेक वढला होता ना?"

"वढला होता."

"मंग?"

मी दार उघडून आत बघितलं. दांडा अर्धवट वर होता. पूर्ण खाली नाही, पूर्ण वरही नाही. गाडी गिअरमध्ये नव्हती. आता हा दांडा मी तेवढाच ओढला होता, की पूर्ण ओढला होता आणि तो घसरला? पाच टक मला स्पष्ट ऐकू आले होते. पण ते त्या दिवशीचे होते की इतक्या वर्षांच्या सवयीचे, कानात आपोआप वाजलेले, ते कसं ठरवायचं? हात म्हणत होता, ओढला. त्याच हाताला गरम चहाचा पेला गार वाटत होता.

चिखलीच्या मेकॅनिकनं गाडी वर घेऊन तपासली. "केबल ठीक हाये. दांड्याचे दातेही ठीक हायेत," तो म्हणाला. मी त्याला पुन्हा बघायला लावलं. काहीतरी झिजलेलं निघावं अशी माझी फार इच्छा होती. निघालं नाही.

पुण्याच्या मुलाला हे कळलं, आणि महिन्याभरात त्यानं आपली तीन वर्षं वापरलेली गाडी आमच्याकडे आणून उभी केली. तो स्वतःसाठी दुसरी घेणार होता. पांढरी गाडी त्यानं विकायला लावली. नव्या गाडीत क्लच नाही, गिअर आपोआप पडतात, आणि हँडब्रेकच्या जागी बोटाएवढं बटण. "बाबा, बटण वर ओढलं की ब्रेक लागतो. पाय ब्रेकवर ठेवून खाली दाबलं की सुटतो. विसरलात तरी गाडी बंद केल्यावर तो आपोआप लागतो."

"लागला हे कसं कळणार?"

"समोर लाल दिवा येतो."

"अन् दिवाच बिघडला तर?"

मुलगा चावी माझ्या हातात देत म्हणाला, "बाबा, तुम्ही फार विचार करता."

बटण ओढलं की मागच्या चाकांपाशी घुर्र असा आवाज व्हायचा, पिठाची गिरणी दूरवर सुरू होऊन लगेच बंद पडावी तसा. दिवा लागायचा. पण हाताला काही ओढल्यासारखं वाटायचं नाही. मी गाडी बंद करायचो, उतरायचो, परत बसायचो, दिवा बघायचो. एकदा आमच्या घरासमोरच्या उतारावर मी गाडी मागून ढकलून बघत होतो. बायको दारात आली.

"काय करून राह्यले?"

"हलते का पाहून राह्यलो."

"हलली तं तुमी धरसान का तिले?"

मी ढकलणं थांबवलं आणि ती आत गेल्यावर पुन्हा एकदा ढकललं.

दिवाळीनंतर ती मुलाकडे पुण्याला गेली. परतीच्या दिवशी मी तिला आणायला नांदुऱ्याला स्टेशनवर गेलो. घाट उतरताना गाडी उत्तम चालली, आणि मला पहिल्यांदाच तिच्याविषयी बरं वाटलं. स्टेशनजवळ जिनिंगकडे जाणारा एक अरुंद रस्ता आहे. दोन मिनिटांसाठी म्हणून तिथं गाडी लावली. बटण ओढलं. घुर्र. दिवा. मग कळलं की रेल्वे लेट आहे. इंजिन बंद ठेवून मी रेडिओ ऐकत, पंखा लावून बसलो. दीड तास गेला. मागं हॉर्न वाजले. बघतो तर कापूस भरलेला ट्रॅक्टर, त्याच्यामागं आणखी तीन. मी चावी फिरवली. काहीच झालं नाही. बॅटरी बसली होती.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. "काका, हँडब्रेक खाली घ्या, ढकलून बाजूले करतो."

"हँडब्रेक नाही."

"म्हंजे?"

"बटण हाये. पण त्याले बॅटरी लागते."

तो आत डोकावला, बटणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तरी चार जणांनी जोर लावून बघितला. गाडी तसूभर हलली नाही. म्हणजे ब्रेक लागला होता, अगदी पक्का लागला होता. इतके दिवस मी जी खात्री शोधत होतो ती अशी भर रस्त्यात मिळाली, आणि मला तिचं काय करावं ते कळेना. लाज वाटत होती, आणि आत कुठंतरी बरंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी.

समोरच एका मुस्लीम मिस्त्रीचं बॅटरीचं दुकान होतं. साठीचा माणूस, डोक्यावर विणलेली टोपी. तो दुसरी बॅटरी घेऊन आला, वायरी जोडल्या आणि म्हणाला, "चाबी घुमाओ." गाडी सुरू झाली. मी पाय दाबून बटण खाली केलं. घुर्र. ब्रेक सुटला. मी गाडी बाजूला घेतली आणि ट्रॅक्टर एकामागून एक निघून गेले.

"भाई, तुमचं काय मत?" मी त्याला विचारलं. "जुना दांडा बरा होता का हे बटण?"

त्यानं वायरी गुंडाळल्या. "साहेब, दांड्याची केबल तुटली का लोक माह्याकडे येतात, बॅटरी बसली का बी माह्याकडेच येतात. मले दोन्ही बरे."

तेवढ्यात बायको पिशव्या घेऊन स्टेशनातून आली. सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. घाट चढताना बराच वेळ ती बटणाकडे बघत होती. राजूरच्या पुढं म्हणाली, "मले शिकवा."

"काय?"

"गाडी. क्लच नाई, दांडा नाई. मंग मले काऊन नाई जमणार?"

तिचं वय तेव्हा एकसष्ट. मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण कारण सापडेना. शाळेच्या मैदानावर ती तीन आठवडे शिकली, मग लायसन्स काढलं. तिला टक टक मोजायची सवयच नव्हती. ती बटण ओढायची, दिवा बघायची, उतरायची आणि चालू लागायची. तिचं बरोबर होतं की माझं, हे मी अजून ठरवतोच आहे. दोनदा तिच्या नकळत मी मागं वळून गाडी बघितली. दोन्ही वेळा गाडी जागेवर होती. त्यानं काही सिद्ध होत नाही.

पेरणीच्या आधी वहिनींचा फोन आला. काही विचारायचं होतं. बायकोनं गाडी चालवत मला अमडापूरला नेलं. चढावर तिनं गाडी लावली आणि दोघी ओसरीवर गप्पा मारू लागल्या. मग वहिनी माझ्याकडे वळल्या.

"औंदा काय करू, साहेब? कापूस घेऊ का सोयाबीन? अन् कापूस घेतला तं कोणतं बियाणं? लोकं चोरून इकतात ते बी एक नवीन आलं हाये. तण मारायचं औषध मारलं तरी पऱ्हाटी मरत नाई म्हंतात."

पूर्वी माझ्याकडे अशा प्रश्नाचं उत्तर तयार असे. पिशवीत पाकीटही असे.

"मले नाई माहीत, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. "मंग तवा कसं माहीत होतं?"

मी सांगायला गेलो की तेव्हा आम्हाला प्रशिक्षण दिलं होतं, की पहिली काही वर्षं अळी खरंच मरत होती, की मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. यातलं काहीही खोटं नव्हतं. पण एकही वाक्य पूर्ण झालं नाही. बायको मान खाली घालून साडीचा पदर नीट करत बसली.

"बरं," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. पुढं त्यांनी निम्म्यात सोयाबीन घेतलं आणि निम्म्यात कापूस. कोणाच्या सल्ल्यानं, ते मी विचारलं नाही.

परतताना बायकोनं विचारलं, "काऊन असे गप्प?"

"काही नाई," मी म्हणालो. ती समोर बघत गाडी चालवत राहिली. चिखलीच्या फाट्यावर तिनं विचारलं, भाजी घ्यायची का, आणि मला तेही चटकन सांगता आलं नाही.