पंधरा फुटांचा हॉल

माझं डोकं फिरायला फार काही लागत नाही. "मॅडम, स्ट्रेच चालंना," एवढं पुरतं. सोलापुरात घरांचे नकाशे करणाऱ्या एका इंजिनिअरच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढते, आणि बिघडलेल्या फाइली निस्तरायला सगळे माझ्याच टेबलाशी येतात. रेघ कापली जाईना, व्हायरस आला. खोलीत फरशीची जाळी भरेना, व्हायरस आला. अरे बाबांनो, कोपऱ्यात दोन रेघांची टोकं जुळलेली नाहीत म्हणून भरत नाही ती! झूम करून बघा की जरा! भिंतीच्या लेयरला कुलूप तुम्हीच घातलंय, मग भिंत हलेल कशी?

हे सगळं मी बडबड करत का होईना, पण सहन करते. सहन होत नाही ती एकच गोष्ट. मापावर डबल क्लिक करून हातानं दुसरा आकडा लिहिणं. नकाशातलं माप रेघेला बांधलेलं असतं. रेघ हलली की आकडा आपला आपण बदलतो. हातानं लिहिला की ती गाठ सुटते. रेघ चौदा फुटांची राहते आणि आकडा पंधरा म्हणत बसतो. साइटवर गवंडी रेघ मोजत नाही, आकडा वाचतो. तशीच रीत आहे, आणि ती बरोबरच आहे.

आमच्या सरांना नेमकी हीच खोड.

सांगोल्याकडचे एक आजोबा होते. जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला, आणि ट्रॅक्टरवरून पडल्यापासून कमरेखालचं अंग गेलेलं. चाकांच्या खुर्चीत असायचे. मुलगा नोकरीला इथं, त्यानं जुळे सोलापूर भागात घर बांधायला काढलं होतं. नकाशा ठरवायला आजोबा स्वतः आले. मुलगा सरांशी बोलत होता तेवढ्यात खुर्ची माझ्या टेबलाशी आणून हळूच म्हणाले, "पोरी, हॉल-बिल कसा बी कर. पर संडासला जाताना मला कुनाला हाक मारायला लागू नये बग. घरात सून हाय. लाज वाटती."

मला गलबलून आलं. मी हॉलच्या बाजूनं साडेतीन फुटांचा बोळ काढला आणि त्यातून वळून आत जायला तीन फुटांचं दार. त्यांची खुर्ची टेपनं मोजून ती नकाशात काढली, फिरवून पाहिली. वळत होती.

मग मी वैरागला मावसबहिणीच्या लग्नाला गेले, आणि मुलाचा सरांना फोन आला. सोफा मोठा घेतलाय, चौदाचा हॉल फूटभर वाढवा. सरांनी माझी फाइल उघडली. स्ट्रेच करताना, म्हणजे भिंत ताणून सरकवताना, माउसनं उजवीकडून डावीकडं निवडीची चौकट ओढायची असते, म्हणजे अर्धवट आत आलेल्या रेघाही धरल्या जातात. सरांनी ओढली डावीकडून. भिंत ढिम्म हलली नाही. मला फोन करायचा होता की! लग्नातही फोन हातातच होता माझ्या. पण नाही. मापावर डबल क्लिक, पंधरा, एंटर. प्रिंट साइटवर.

भिंत नीट सरकवली असती, तर शेजारच्या बोळाचं माप त्याच क्षणी साडेतीनवरून अडीचवर आलं असतं. आंधळ्यालाही कळलं असतं. पण हॉलवर पंधरा, बोळावर साडेतीन, सगळं कसं गोड दिसत होतं.

मी परत आले तेव्हा फरशीचं ड्रॉइंग करायचं होतं. दोन फुटी फरशा हॉलमध्ये भरल्या तर एका ओळीत बरोबर सातच बसल्या. पंधरा फुटांना साडेसात लागतात. मला वाटलं माझीच स्केल चुकली. युनिट तपासलं, फरशी पुन्हा भरली. सातच. शेवटी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंतर मोजलं, चौदा. मापावर क्लिक केलं आणि आतला हातानं लिहिलेला आकडा दिसला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या!

"फूटभरानं काय होतंय मॅडम? गवंडी करतात ॲडजस्ट," सर म्हणाले.

मी गाडीला किक मारली आणि साइट गाठली. गवंड्यानं हॉल पंधरा फूट धरून मधली भिंत छातीएवढी उचलली होती, बोळाला अडीचच फूट उरले होते. आणि बोळात आजोबा अडकलेले. घर बघायला मुलासोबत आले होते. खुर्ची बोळात शिरली होती, पण दाराकडं वळत नव्हती. पुढं-मागं करून दोन्ही हातांची बोटं विटांवर सोलवटली होती. मुलगा मागून ओढत होता. मला बघून आजोबा म्हणाले, "कागदावर तर वळली व्हती की गं."

मला रडू यायच्या आत सरांची कार आली. उतरल्या उतरल्या मुलाला म्हणाले, "सॉरी हां, आमच्या मॅडमकडून मिस्टेक झाली."

"मॅडमकडून?" माझा आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार. "मी वैरागला अक्षता टाकत होते त्या दिवशी! आकडा तुम्ही लिहिलाय सर. भिंत हलली नाही म्हणून आकडा हलवलात. ही खुर्ची काय टाइप करून बारीक करणार आहात का?"

सर लालबुंद. मुलगा चाचरत म्हणाला, "आबा, पण आता हॉल कमी केला तर सोफा..."

"तुजा सोफा काय मुतायला जात न्हाय," आजोबा म्हणाले. "भित्ताड पाडा."

गवंड्यानं हातोडा घेतला.

वास्तुशांतीला मला आमंत्रण होतं. सरही होते, झब्बा घालून. पाहुण्यांना बोळ दाखवत सांगत होते, "आमच्या ऑफिसनं खास खुर्चीचा विचार करून डिझाइन केलंय." माझ्या हातातली शिऱ्याची वाटी मी त्यांच्या झब्ब्यावर ओतली नाही, एवढंच. सोमवारी पुन्हा त्यांनीच आकडे लिहिलेली कुणाची तरी फाइल माझ्यासमोर येणार होती.

तेवढ्यात पूजेला बसलेल्या मुलानं आजोबांना बोलवायला सांगितलं. त्यांच्या खोलीत ते नव्हते. सून अंगणात बघून आली. कुणी हाका मारायला लागलं. मी बोळात गेले आणि तीन फुटांचं ते दार ढकललं. उघडलं नाही. आतून कडी होती.

"थांबा की जरा!" आतून आजोबा खेकसले. "मानूस हाय आत."