मेसईदला नवऱ्याची मुलाखत

दोह्याला येणारे पाहुणे सूक म्हणजे जुना बाजार बघतात, वाळवंटात जीप उडवून घेतात आणि परत जातात. आम्ही मात्र गेल्या शनिवारी खताचा कारखाना बघायला गेलो. आमची केतकी अकरावीत आहे. तिच्या शाळेने इथलं एक टेक्निकल कॉलेज आणि मेसईदचे काही कारखाने यांच्याशी हातमिळवणी केलीय: सुट्टीत महिनाभर कारखान्यात काम शिकायचं, बारावीनंतर कॉलेजात डिप्लोमा, मग त्याच कारखान्यात नोकरी. शाळेच्या वाट्याला जागा एकच होती आणि तिची मुलाखत कारखान्यातच होती. केतकीला ती इतकी हवी होती की त्या दिवशी ती न उठवता उठली.

आम्ही राहतो त्या बिन महमूदहून एरवी पाऊण तासाचा रस्ता. पण फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी सध्या अख्खं दोहा खणून ठेवलंय, त्यामुळे तुम्ही सव्वा तास धरा. वाटेत वक्राला नव्या स्टेडियमच्या क्रेन दिसल्या की समजायचं, आपण चुकलेलो नाही. तिथे दाट दुधाचा करक चहा आणि अंडा-पराठा घ्या. वीस रियालच्या आत तिघांचं पोट भरतं.

माझा नवरा शिरीष मूळचा नाशिकचा, गॅस प्लांटमध्ये इंजिनिअर. रस्ताभर त्याची उजळणी चालू होती.

"आपण केमिकल घेणार आहोत. विचारलं तर प्रोसेस डिझाइन सांगायचं."

हे 'आपण' म्हणजे केतकी. आमच्याकडे मुलांची दहावी-बारावी घरातले सगळे मिळून देतात.

"बाबा, आय वॉन्ट इन्स्ट्रुमेंट्स," मागून आवाज आला.

"म्हणजे मीटर आणि वॉल्व्ह दुरुस्त करायचे? उन्हात पाना घेऊन फिरायचंय का तुला?"

"यस!"

शिरीषने गाडीचा एसी वाढवला.

कारखान्याचा पास आठवडाभर आधी काढावा लागतो. पायात बंद बूट हवेत, आणि फोन गेटवरच जमा करतात. ट्रेनिंग विभागाच्या नूरा मॅडम कतारी, बोलायला शांत. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "हे काम का शिकायचंय?"

केतकीने तोंड उघडायच्या आत शिरीष सुरू झाला, "वी आर व्हेरी इंटरेस्टेड इन प्रोसेस डिझाइन..."

मॅडमनी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. "बरोबर आहे. उमेदवार तुम्हीच आहात."

रेसिडेन्स परमिटपासून स्कूल बसपर्यंत आमच्या घरातले सगळे फॉर्म शिरीष भरतो. हाही त्यानेच भरला होता. नाव त्याचं, जन्मतारीख त्याची, अनुभव बावीस वर्षं!

"एवढ्या अनुभवावर शिकाऊ म्हणून येणार? विचार करू, इन्शाल्ला," मॅडम गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या.

मी खो-खो हसले. मग केतकीकडे लक्ष गेलं. तिचे डोळे भरून आले होते. अर्जाची मुदत आदल्या दिवशीच संपली होती आणि तिचं नाव त्या कागदावर फक्त 'अपत्ये' या रकान्यात होतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

मॅडमनी थोडा विचार केला आणि एक कोरा फॉर्म केतकीपुढे ठेवला. "दहा मिनिटं देते. आईबाबा बाहेर बसतील."

बाहेरच्या बाकावर शिरीष चारदा उठला. "निदान स्पेलिंग तरी बघायला हवं होतं मी," तो म्हणाला. मी त्याला हाताला धरून खाली बसवलं. आत काय झालं ते केतकीने सांगितलं नाही आणि आम्ही, चक्क, विचारलं नाही. परतताना सीलाइनचा समुद्र दहा मिनिटांवर आहे. पाय भिजवून या.

काल मेल आली. केतकीला जागा मिळाली, इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपमध्ये. शिरीषने मेल दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"माझा इंजिनिअरिंगचा फॉर्म अण्णांनी भरला होता," तो म्हणाला. अण्णा म्हणजे माझे सासरे. "मी कुठल्या ब्रँचला आहे ते मला कॉलेजच्या बोर्डावर कळलं."

केतकी त्याच्या शेजारी येऊन बसली आणि, एरवी कधी बोलत नाही त्या मराठीत, तिने विचारलं, "तुम्ही काय लिहिलं असतं, बाबा?"

काल संध्याकाळपासून तो विचार करतोय. आम्ही दोघी मध्ये बोलत नाही.