गायकवाड काकांच्या नावाचा मेल

सुरुवातीलाच सांगते — इथे भुताखेतांचे किस्से टाकणाऱ्यांची मला कीव येते. पांढऱ्या साडीतली बाई, उलटे पाय, लिफ्ट मागणारा म्हातारा... अरे, काहीतरी नवीन आणा! माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. ‘हा मेल अकरा जणांना पाठवा, नाहीतर घरात वाईट घडेल’ असं पाठवणाऱ्या सख्ख्या नणंदेलासुद्धा मी फोन करून झापलंय. तरी हे लिहितेय, कारण इतकी वर्षं डोकं खाजवूनही मला ह्याचा उलगडा झालेला नाही, आणि ते मला भयंकर खुपतं.

२००७ च्या आसपासची गोष्ट. मी राहायचे बदलापूरला, कात्रपला. नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, रंगाचे डबे बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात. कॉम्प्युटर ऑपरेटर. इंटरनेटवाला कॉम्प्युटर एकच, माझ्या केबिनमध्ये. ईमेल आयडीही एकच, आणि तो अख्ख्या कारखान्याने आपापल्या गणगोतात वाटलेला! कोणाच्या मुलीच्या स्थळाचा बायोडेटा, कोणाच्या भाच्याचं हॉल तिकीट, सगळं कंपनीच्या मेलवर. पासवर्ड माझ्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. का, तर मी रजेवर असले तर कोणाचं अडायला नको. धन्य!

कचराही सगळा तिथेच यायचा. लॉटऱ्या, गोळ्या, मेलेल्या मंत्र्यांच्या श्रीमंत विधवा. जेवणानंतर मी तो साफ करायला बसायचे, आणि रोज कोणीतरी खांद्यावरून डोकावून विचारायचंच, “ताई, हे खरं असेल का हो?” पदवीधर माणसं बरं का. एकाने तर लॉटरीच्या भरवशावर बायकोला वांगणीला प्लॉट बघायला नेलं होतं. अशांना मी काय काय बोलायचे ते इथे लिहीत नाही.

त्या वेळेला न चुकता येणारे आणखी एक म्हणजे आमचे स्टोअरकीपर गायकवाड काका. आत कधी यायचे नाहीत. बाहेरूनच स्टोअरच्या चाव्यांचा जुडगा केबिनच्या काचेवर वाजवायचे... टक. “ताई, माझ्या नावाचं काही?”

“नाही हो काका.”

मी मान न वळवता बोलले की दोनदा वाजायचं. टक टक. “बघून सांगा की, ताई.”

त्यांचा मुलगा नितीन वेल्डर. एजंटमार्फत आखातात गेला तो भांडून. निघायच्या आदल्या दिवशी बापलेकांची जुंपली आणि काकांनी रागाच्या भरात हातातला जुडगा फेकून मारला. पोराच्या भुवईवर लागला, रक्त आलं. तेव्हापासून ना फोन ना पत्र. एका मित्राकरवी काकांनी त्याला कंपनीचा आयडी कळवला होता, म्हणून हे रोजचं विचारणं. “चुकलंच माझं,” एवढंच म्हणायचे, आणि जुडगा खिशात टाकून निघून जायचे.

दिवाळीनंतर काका गेले. स्टोअरमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या. जलदानविधीला मी उल्हासनगरला त्यांच्या घरी गेले. काकी रडत नव्हत्या. माझा हात धरून म्हणाल्या, “ताई, आता तुम्हीच बघत जा. बाप गेला हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. कुठे आहे, जिवंत आहे का, एवढं तरी कळू दे मला.” मी मान हलवली. दुसरं काय करणार?

त्यानंतर आमच्या शेठनी पराक्रम केला. ‘पासवर्ड कळवा, नाहीतर अकाउंट बंद होईल’ असा मेल आला, आणि मी रजेवर असताना ह्यांनी काचेखालचा पासवर्ड स्वतःच्या हाताने टाइप करून पाठवला! “बाई, वो लोग इतना इज्जत से पूछा, तो मैंने दे दिया. क्या हुआ?” काय झालं? सगळ्या पार्ट्यांना मेल गेले, की शेठ लंडनमध्ये पाकीट हरवून अडकलेत, मदत करा. आणि शेठ इथे समोर बसून दाल-पकवान खातायत. मी तक्रार नोंदवायला पोलिसांकडे गेले, तर ड्यूटीवरचा हवालदार म्हणतो, “मॅडम, आयडी चोरीला गेला म्हणजे आयकार्डच ना? मग हरवल्याची नोंद करा.” कपाळ माझं!

मी ते अकाउंट बंद पाडलं आणि नवीन आयडी काढला. रागारागात नावापुढे वाट्टेल ती अक्षरं आणि आकडे जोडले, कोणाच्या बापाला सुचणार नाहीत असे. काचेखाली काही ठेवलं नाही. आयडी कळवला तो फक्त धंद्याच्या मोजक्या पार्ट्यांना. कामगारांना साफ सांगितलं, तुमची स्थळं आणि हॉल तिकिटं दुसरीकडे मागवा. तरी आठवड्याभरात कचरा सुरू झालाच. कुठून वास लागतो मेल्यांना!

तर, त्या दिवशी जेवणानंतर मी तो कचरा काढत होते. पानभर मेलवर खुणा केल्या, माउस ‘डिलीट’वर नेला... आणि काचेवर वाजलं. टक.

“नाही हो काका,” मी मान न वळवता म्हटलं. सवय.

मग माझं मलाच कळलं मी काय बोलले ते. वळले. काचेपलीकडे कोणी नाही. चक्क ऊन पडलेलं, समोर पॅसेज मोकळा. काकांचा जुडगा तर शेठच्या कपाटात बंद होता. नवीन स्टोअरकीपरने कुलपंच बदलली होती. मी स्वतःलाच शिवी हासडली. काचेचं तावदान सैल असेल, मशीनच्या धक्क्याने वाजलं असेल. परत माउस धरला.

टक टक.

बघून सांगा की, ताई... कोणी बोललं नाही हं. पण त्या दोन टकटकींचा अर्थ मला पाठ होता. मी एकेक नाव वाचायला लागले, आणि मधेच एक विषय होता — ‘अर्जंट, प्लीज हेल्प’. आखातातल्या कुठल्याशा हॉस्पिटलची केरळची नर्स. एक भारतीय माणूस परांचीवरून पडला आहे, कागदपत्रं नाहीत, नाव नितीन, वडील गायकवाड. ऑपरेशन करायचं आहे, कोणीतरी नातेवाईक शोधून द्या.

तुम्हाला काय वाटतं, मी पाघळले? मुळीच नाही. परदेश, अपघात, अर्जंट, सगळा माल ओळखीचा. आमची नावं जुन्या अकाउंटमधून चोरांच्या हातात गेलेलीच होती. आज रडगाणं, उद्या बँकेचा नंबर! मेलेल्या माणसाच्या नावावर धंदा करतायत म्हणून माझं डोकंच फिरलं. मी खरमरीत उत्तर लिहिलं: पेशंट खरा असेल तर विचारा, त्याच्या भुवईवर खूण कशाची? आणि हा आयडी तुम्हाला दिला कोणी?

दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. खूण चावीची, वडिलांनी फेकलेल्या. सांगताना पेशंट रडला. आणि आयडीचं म्हणाल तर, नर्सने लिहिलं होतं, तो स्वतःच सांगत होता. वडील उशाशी उभे आहेत, एकेक अक्षर सांगतायत, म्हणून. पुढे तिचेच शब्द: तापात बरळतोय असं मला वाटलं. पण टाइप करून पाहिलं, आणि तुम्हाला पोचलं. तो म्हणतो, मॅडम चिडतील, पण उत्तर देतील.

जो आयडी काका गेल्यानंतर मी बनवला, जो काकांनी जन्मात ऐकला नाही...

शेठनी मात्र तिथे माणुसकी दाखवली. स्वतःच्या केबिनमधून फोन लावून दिला. काकींना रिक्षाने बोलावलं. पलीकडून क्षीण आवाज आला, “आई...” आणि जलदानविधीला न रडलेली ती बाई जमिनीवर बसून हंबरडा फोडून रडली. ऑपरेशन झालं. काही महिन्यांनी नितीन कुबडी घेऊन घरी आला. बापाचं त्याला फोनवर कोणी सांगितलं नव्हतं. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी बापाचा हार घातलेला फोटो बघून म्हणाला, “कधी गेले?” काकींनी सांगितलं. “असं कसं? माझ्याकडे त्याच्यानंतर आले होते.”

आता तुम्ही अक्कल पाजळाल. पार्टीकडून आयडी फुटला असेल, योगायोग असेल, बाईला भास झाला असेल. ही सगळी उत्तरं मी तुमच्याआधी स्वतःला देऊन बसलेय. पार्ट्यांना विचारलं, कोणीच आयडी पुढे दिला नव्हता. तावदानही तपासून घेतलं, घट्ट होतं. भुतांवर माझा विश्वास अजूनही नाही, आणि ह्या गोष्टीचं स्पष्टीकरणही नाही. दोन्ही खरं आहे. आणि कृपा करून हे अकरा जणांना पाठवू नका.

फक्त एक सांगायचं राहिलं. काकी फोनवर बोलून गेल्या त्या दिवशी जेवणानंतर मी केबिनमध्ये एकटीच होते. काच गप्प होती. मी कधी नव्हे ती मुद्दाम मान वळवली, आणि रिकाम्या पॅसेजकडे बघून म्हटलं, “काका, आलंय हो तुमच्या नावाचं.”

त्यानंतर काच कधी वाजली नाही.