गायधनी मॅडम आणि पर्यायी अहवाल

गायधनी मॅडम वर्गात आल्या की आधी फळ्यावरचा सुविचार पुसून टाकायच्या. सुविचारावर त्यांचा राग नव्हता. "त्याच्याखाली कायदा शिकवला की कायदाही सुविचार वाटायला लागतो," एवढंच त्यांचं म्हणणं. नाशिकच्या आमच्या विधी महाविद्यालयात त्या आंतरराष्ट्रीय मानवी हक्क शिकवायच्या. विषय ऐच्छिक, तास जेवणानंतरचा, आणि बहुतेकांनी तो घेतला होता तो मार्क पडतात म्हणून.

पहिल्याच तासाला मी छाती काढून सांगितलं, "मॅडम, प्रत्येक माणसाला सन्मानाने जगण्याचा हक्क आहे."

"छान. हे कीर्तनात सांग. इथे सांग, हक्क कोणाकडून? कोण बांधला गेलाय, आणि कशाने?"

मग त्यांनी जाहीरनामा आणि करार यांतला फरक सांगितला. जाहीरनामा म्हणजे देशांनी चारचौघांत दिलेला शब्द. करार मान्य केला की मात्र देश बांधला जातो. मान्य करताना आपल्या देशाने कुठे हात आखडता घेतला, हेही त्या शोधून आणायला लावायच्या. समान कामाला समान वेतन हे कलम आलं की मात्र म्हणायच्या, "हे घरी वाचा." कारण त्या स्वतः तासिका तत्त्वावर होत्या. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की काही नाही, आणि पुढच्या सत्रात तास मिळणार की नाही ते संस्थेच्या सचिवांच्या मर्जीवर. एकाने आगाऊपणे विचारलंच, "मॅडम, मग तुमचे हक्क?" त्या म्हणाल्या, "माझा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे." वर्ग हसला. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

करार मान्य करणाऱ्या देशाला ठरावीक काळाने एका समितीपुढे आपला अहवाल द्यावा लागतो. त्याच देशातले लोक आपला वेगळा, पर्यायी अहवालही पाठवू शकतात. मॅडम दरवर्षी हा प्रकार वर्गात घडवून आणायच्या. "सरकारचा अहवाल नेहमी देखणा असतो. दुसरा वाचल्याशिवाय प्रश्न विचारायचे नाहीत," असा त्यांचा नियम होता.

आमच्या वर्षी हा कार्यक्रम मानवी हक्क दिनाला, सभागृहात, सचिव आणि पाहुण्यांसमोर ठेवला. मी सरकार झालो होतो. पर्यायी अहवाल वाचणार होती मनीषा गावित. ती सुरगाण्याकडच्या आदिवासी पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. कुठल्यातरी लांबच्या देशाचं काहीतरी वाचेल, अशी आमची समजूत होती. तिने आमच्याच महाविद्यालयाचं वाचलं.

"इथे प्रत्येक समारंभात स्वागताचा नाच पेठ-सुरगाण्याच्या मुली करतात. नाच झाला की पाहुण्यांना जेवणही त्याच वाढतात. शहरातल्या मुली पंगतीत बसतात. आम्हाला कोणी विचारलेलं नाही. नाही म्हणता येत नाही, कारण वसतिगृहाचा प्रवेश दरवर्षी नव्याने मिळवावा लागतो. आज दुपारीही मठ्ठा आम्हीच वाढणार आहोत."

उत्तर द्यायची पाळी माझी होती. मी म्हणालो, "सरकार माहिती घेईल." मुलं हसली. सचिव हसले नाहीत.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मॅडमना, मनीषाला आणि वर्गप्रतिनिधी म्हणून मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. "हे कोणी लिहिलं?"

मनीषा बोलणार तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "मी. मी लिहून दिलं, तिने नुसतं वाचलं."

सचिवांचा चेहरा एकदम निवळला. "वाटलंच मला. आमच्या मुली असं बोलणाऱ्या नाहीत. जा बाळ, वाढायला घे, पाहुणे खोळंबलेत."

मनीषा गेली आणि तिने वाढलं. पुढच्या सत्राच्या वेळापत्रकात मॅडमचं नाव नव्हतं. तासिकेवरच्या माणसाला काढावं लागत नाही, नुसतं लिहायचं राहून जातं. मॅडमनी मुलीसाठी नोकरीवर पाणी सोडलं, असं आम्ही कँटीनमध्ये कौतुकाने बोललो आणि तेवढ्यावरच थांबलो.

थोड्या दिवसांनी मी मनीषाबरोबर मॅडमच्या घरी गेलो. मला वाटलं, ही आता रडणार, पाया पडणार. मॅडमनी चहा ठेवला. हिने कपाला हात लावला नाही.

"मॅडम, ते मी लिवलं होतं. खोलीखोलीत जाऊन, सगळ्या पोरींना इचारून."

"माहीत आहे गं. तुझा प्रवेश गेला असता."

"गेला असता तर गेला असता. माझा गेला असता. आमाला बोलताच येत नाय, असं त्यांना वाटतं. तुमी त्यांचंच खरं केलं."

मला तिचा भयंकर राग आला. कृतघ्नपणा म्हणतात तो हाच, असं वाटलं. मॅडम मात्र म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं."

दुसऱ्या दिवशी त्या मनीषाला न विचारताच सचिवांकडे गेल्या आणि खरं काय ते सांगून टाकलं. सचिवांनी त्यांना चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, तास परत मिळावेत म्हणून त्या गरीब पोरीला कशाला पुढे करता? शोभत नाही तुम्हाला." हे मला मॅडमनीच सांगितलं, महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभं राहून. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचंही वाईट वाटलं.

मनीषाला पदवी मिळाली त्या दिवशीही जेवणं होती. काळा झगा काढून ठेवून तिने ओढणी कमरेला बांधली आणि वाढायला घेतलं. त्यानंतर ती मॅडमशी कधी बोलली नाही.

मॅडम आता देवळ्याला बहिणीकडे असतात. मी फोन केला की आधी मनीषाचीच चौकशी करतात. "तिचा राग गेला का रे?"

मी खरं ते सांगतो, "नाही, मॅडम."

"असू दे," त्या म्हणतात. "तेवढा तरी तिचा तिच्याकडे राहू दे."