पेशीतल्या करवल्या

इंदापूरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई सणसरला एसटीत चढायच्या आणि माझ्याशेजारी बसायच्या. लग्नाआधी त्या पुण्याच्या प्रयोगशाळेत हिवतापाच्या जंतूवर काम करत. "एवढासा एकपेशी जीव, पण त्याच्या पोटातही कप्पे असतात," त्या सांगत. "तिथं प्रथिनांची घडी नीट बसवणारी दुसरी प्रथिनं असतात. आम्ही त्यांना करवल्या म्हणायचो." बोलताना त्यांची बोटं हवेतच सूक्ष्मदर्शकाचं चाक फिरवत.

एकदा निमगाव केतकीच्या अलीकडं त्या म्हणाल्या, "प्रयोगशाळेत परत बोलावलंय. सासूबाईच म्हणाल्या, 'जा पोरी, हितं मी हाय.'" आणि भर एसटीत रडल्या.

मी त्यांचा हात धरला. मग इंदापूर येईपर्यंत, आमच्या घरी मला असं जा म्हणणारं कोण आहे, ते आठवत राहिले.