करमरकरांचा लुडो

चार माणसं दर गुरुवारी एकाच टेबलाशी बसली की किस्से जमवावे लागत नाहीत. सोफ्याच्या फटीत गेलेल्या फाशांसारखे ते पुढे कधीतरी हाताला लागतात. आमचं टेबल खराडीच्या एका पबमध्ये आहे. तिथे बोर्ड गेम्स फुकट खेळायला मिळतात आणि गुरुवारी संध्याकाळी गर्दी नसते. आधी आम्ही करमरकरांच्या घरी खेळायचो. एकदा वहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घरात भांडायचं असेल तर माझ्याशी भांडा. त्यासाठी बाहेरची माणसं कशाला?" पुढच्या गुरुवारी आम्ही पबमध्ये होतो!

*

करमरकर बँकेतून रिटायर झालेले. पहिल्याच दिवशी त्यांनी काउंटरवर जाऊन सांगितलं, "गाणं बंद करा असं मी म्हणत नाही. ऐकू येणार नाही असं लावा."

तेवढ्यात वेटर ऑर्डर घ्यायला आला. गद्रेबाईंनी लिंबू सोडा सांगितला. बाईंनी शाळेत जन्मभर गणित शिकवलंय. वेटर उत्साहाने म्हणाला, "मॅडम, हॅपी अवर आहे. एकावर एक फ्री!"

"छान. एक आत्ता आणा," बाई म्हणाल्या. "दुसरा पुढच्या गुरुवारी."

*

चौथे पोपटराव, खराडीचेच. पब आहे ती जमीन एकेकाळी त्यांचीच. एकदा बुद्धिबळात करमरकर घोड्यावर बोट ठेवून इतका वेळ विचार करत बसले, की वेटरने त्यांची ताटली उचलली, टेबल पुसलं, तरी घोडा जागचा हलेना.

पोपटराव बिअरचा घोट घेत म्हणाले, "करमरकर, तुमी बसलाय ना, बरोबर तितंच आमची म्हस बांधलेली असायची."

"बरं, मग?"

"काय न्हाई. ती बी बसली की उठायची न्हाई. पन दूध तरी द्यायची!"

*

सापशिडीत करमरकरांना अठ्ठ्याण्णवचा साप चावला. सोंगटी तिथेच ठेवून ते शांतपणे म्हणाले, "पहिला साप धरत नाहीत. आमच्याकडे असंच खेळतात."

"अहो, तुमच्याकडे साप पाळलेत का?" गद्रेबाईंनी विचारलं.

करमरकरांनी त्या दिवशी बाईंशी बोलणं सोडलं. पुढे तासभर ते फक्त माझ्याकडे बघून बोलत होते, "यांना सांगा, फासा टाका म्हणावं." बाई माझ्या शेजारीच बसल्या होत्या!

*

याच माणसाने सहा महिने मुलीचं लग्न अडवून धरलं होतं. ऋचाला तन्मयशी लग्न करायचं होतं. मुलगा चांगला, पलीकडच्याच आयटी पार्कात नोकरीला. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि करमरकरांचं नेमकं तिथेच अडलं होतं. "माणूस खेळताना कळतो," ते म्हणायचे. "एकदा टेबलावर बघतो, मग हो की नाही ते सांगतो."

गद्रेबाई म्हणाल्या, "बरोबर आहे. तुम्हाला वहिनींनी खेळताना पाहिलं नव्हतं, म्हणून तर तुमचं लग्न झालं."

*

शेवटी ऋचा एका गुरुवारी तन्मयला घेऊन आली. लुडो मांडला. एका बाजूला करमरकर, समोर गद्रेबाई, बाकी दोन बाजूंना ही दोघं. पोपटराव आणि मी प्रेक्षक. तन्मयने समोरची कॉफी प्यायलीच नाही.

डाव रंगला. करमरकरांच्या तीन सोंगट्या घरात पोचल्या. चौथी दाराशी येऊन उभी. तिच्या मागे चार घरांवर तन्मयची सोंगटी. त्याने फासा टाकला. चार!

पोपटरावांनी ग्लास खाली ठेवला. तन्मयने बोर्डाकडे पाहिलं, करमरकरांकडे पाहिलं, आणि भलतीच सोंगटी चार घरं पुढे सरकवली.

"माझी दिसली नाही?" करमरकरांनी विचारलं.

"दिसली, काका."

"मग मारली का नाहीत?"

"तुम्ही मोठे आहात. आणि... तुम्हाला राग आला असता."

"म्हणजे मी रागीट आहे?"

तन्मयला घाम फुटला. हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर टेबलावरचे सगळे हसणार. गद्रेबाईंनी आपला फासा टाकून घेतला. करमरकर खुर्चीला टेकले. "असं घाबरून वागणारा माणूस उद्या संसार काय करणार? मला तर..."

"बाबा, माझी पाळी आहे," ऋचा म्हणाली.

तिने फासा टाकला. पाच. एक, दोन, तीन, चार, पाच असं मोठ्याने मोजत तिने वडिलांची सोंगटी मारली, उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"मला राग आलेला चालतो तुमचा. आता सांगा, हो की नाही?"

करमरकरांनी ती सोंगटी परत कोपऱ्यात ठेवली, खुर्ची तन्मयकडे सरकवली आणि पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तन्मय," ते हळूच म्हणाले, "अजून वेळ गेलेली नाही. तू नीट विचार कर."